हॅरल्डच्या शेजारचं बाकडं

केल्डविक, यॉर्कशर
७ मार्च २०१४

प्रिय नायजेल,

अत्यंत जड अंतःकरणाने कळवते की काल सकाळी माझ्या कचऱ्याच्या डब्याचा भर रस्त्यात अपमान झाला. डबा नेहमीच्या जागी फाटकाबाहेर उभा होता. झाकण लावलेला, सभ्य, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सव्वासातला पडदा सारते तो काय, डब्याने तोंड फिरवलेलं आणि डोक्यावर चिकटवलेली चिठ्ठी: 'दांडा रस्त्याकडे हवा. उचलणाऱ्यांना सोपं जातं. डी. अ‍ॅपलयार्ड.' चोपन्न वर्षं याच गल्लीत काढली, सगळे कर भरले, अर्धा डझन पंतप्रधान निमूट सोसले, आणि आता माझा डबा कुठल्या अंगाने उभा राहावा हे सोळा नंबरवालीने ठरवायचं. मी तो पुन्हा होता तसा केला. पाऊस असताना, चपला घालून.

तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र? फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला भांडतो. पत्रात भांडायला निदान तिकीट लावावं लागतं, त्यामुळे माणूस जपून भांडतो.

तर डबा हे निमित्त. संध्याकाळी बाई स्वतः दारात. आधी हवेवर बोलणं झालं, मग तिच्या गुडघ्यांवर, मग पुन्हा हवेवर. आईच्या अंत्यविधीला तिने ज्यात अ‍ॅपल पाय भाजून आणला होता ते भांडं अजून माझ्या फळीवर आहे, बुडाला पट्टी, पट्टीवर तिचं नाव. मला वाटलं अडीच वर्षांनी ते मागायला आली. पण तिने भांड्याचं नाव काढलं नाही. म्हणाली, गेल्या गुरुवारी महिला मंडळाच्या सहलीबरोबर व्हिटबीला गेले होते, तिथे समुद्रकाठच्या कड्यावर तुझे वडील दिसले.

यात नवल नाही. बाबा गेल्या वसंतापासून दर गुरुवारी बसने आईच्या स्मरणार्थ ठेवलेल्या बाकड्यावर बसायला जातात, तुला ठाऊकच आहे. पण नायजेल, ते आईच्या बाकड्यावर नव्हते. शेजारच्या, कुणा परक्याच्या बाकड्यावर होते. खिशातून रुमाल काढून त्यांनी त्याची पितळी पट्टी पुसली आणि म्हणाले, "काय हॅरल्ड, बरं आहे ना?" बाकड्यावर दुसरं कुणी नव्हतं. मग पिशवीतून दोन कप काढले आणि जॅमचे दोन छोटे टार्ट.

आईच्या पट्टीवरचा मजकूर त्यांनीच दिलाय: 'ऑड्री हेब्डन. जरा सरकून बसा.' अक्षरं बोटभर मोठी आहेत. जिच्याशी त्रेपन्न वर्षं संसार केला त्या बायकोचं नाव माणूस वाचून तरी ओळखेल की नाही?

बाईने हे सांगितलं आणि कधी नव्हे ती चहा न घेता गेली. त्यानेच मी जास्त घाबरले.

बेव्हर्ली

*

पेंझन्स, कॉर्नवॉल
१२ मार्च

प्रिय बेव्हर्ली,

तुझ्या डब्याबद्दल सहानुभूती आहे. आता मुद्द्याचं.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. नाताळनंतर बाबांचा फोन आला होता. म्हणाले, "हॅरल्डच्या पाठीचे पापुद्रे निघताहेत, काय लावावं?" मला वाटलं क्लबातला कुणी मित्र असेल, थंडीने कातडी फुटली असेल. मी औषधी मलमाचं नाव सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "तू होड्यांचे रंग विकतोस ना रे?" आणि फोन ठेवला. मी ते हसण्यावारी नेलं. आता हसू येत नाही.

मी इथे चौकशी केली. माझ्या दुकानापासून दहा मिनिटांवर एक वृद्धाश्रम आहे. स्वच्छ, समुद्र दिसतो, मंगळवारी मासे, रविवारी पियानो. परवडायचा तर चौदा नंबर विकावं लागेल. मला माहीत आहे, बाबा त्या घरात पंचावन्न वर्षं राहिलेत. पण ज्या माणसाला आपण कुणाच्या बाकड्यावर बसलोय हे कळत नाही तो गॅस लावून विसरला तर? त्यांना आधी डॉक्टरकडे ने. स्मरणशक्तीची तपासणी असते, वीस मिनिटांची. त्यांना सांगू नकोस की कशासाठी.

हे लिहिताना मला बरं वाटतंय असं समजू नकोस.

नायजेल

*

केल्डविक
२२ मार्च

नायजेल,

नेलं. डोळ्यांची तपासणी म्हणून नेलं, तेव्हा पहिलं पाप माझ्या नावावर.

परिचारिका पंचविशीची, गोड आवाजाची, बाबा बहिरे आहेत असं गृहीत धरून बोलणारी. तिने तारीख विचारली, बाबांनी सांगितली. वार विचारला, सांगितला. पंतप्रधान कोण विचारल्यावर म्हणाले, माहीत आहे, पण सकाळी सकाळी ते नाव घेत नाही. घड्याळ काढा म्हटल्यावर सुरेख काढलं आणि काटे नऊ एकतीसवर ठेवले. तिने सव्वादहा सांगितलं होतं. बाबा म्हणाले, म्हाताऱ्यांचा बसचा फुकट पास साडेनऊनंतर चालतो, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळांचा मला उपयोग नाही. याला गुण द्यायचे की कापायचे हे तिला समजेना. शेवटी कागदावर 'सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे' असं आलं. म्हणजे हो नाही आणि नाही पण नाही.

फाटकाशी मी गाडी थांबवली. उतरताना म्हणाले, "डोळे बरे आहेत ना माझे, पोरी?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मला वाटलंच. तुझा चेहरा मला चांगला दिसत होता." आणि आत गेले. त्या दिवसापासून मला चहा विचारत नाहीत.

आता दुसरी बातमी. महिला मंडळाची चिटणीस मला बेकरीत भेटली. फेब्रुवारीत मंडळाची कसलीही सहल नव्हती. अ‍ॅपलयार्डबाई खोटं बोलली. बसचा चालक सांगतो, ही दर गुरुवारी व्हिटबीला जाते, जानेवारीपासून, विणकाम घेऊन, बाबांच्या मागे दोन रांगा सोडून. आता तूच जोडून बघ. तिच्या पुतण्याचं लग्न ठरलंय, त्याला याच गल्लीत घर हवंय. म्हातारा विसरभोळा झाला अशी आवई उठवली की चौदा नंबर बाजारात येतं. डब्यांच्या दिशा बदलून तिचं समाधान झालेलं नाही, आता ती माणसं हलवायला निघाली.

येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी मीच जाते बसने. माझ्या डोळ्यांनी पाहते. तोवर तू काहीही करू नकोस.

बेव्हर्ली

*

पेंझन्स
२७ मार्च

बेव्हर्ली,

तुझं पत्र यायच्या आधीच मी काहीतरी केलं होतं.

वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली. अशा खोल्या आठवडाभरही थांबत नाहीत, म्हणून नाव घातलं. आणि तुमच्याकडच्या एका घरविक्या दलालालाही कळवलं. तो दहा एप्रिलला चौदा नंबर बघायला येईल, गुरुवार आहे, बाबा घरी नसतील असा हिशेब. किल्ली तुझ्याकडे आहे.

माझ्यावर ओरडू नकोस. आई गेली तेव्हा मी चार दिवस राहून परत आलो, तू तिथेच राहिलीस. मला वाटलं निदान एक काम मी वेळेवर करावं.

अ‍ॅपलयार्डबाईबद्दल तू म्हणतेस ते खरं असेल तर तिला माझ्या वतीनेही दोन शब्द सुनाव.

नायजेल

*

केल्डविक
४ एप्रिल

प्रिय नायजेल,

बस. आधी खुर्ची ओढ आणि बस. वाईट काही नाही. मी काल संध्याकाळपासून इतकी हलकी झाले आहे की जिना चढताना कठड्याला धरावं लागतंय.

सकाळी नऊ चाळीसची बस. बाबा पुढे, चालकाच्या मागे, मांडीवर पिशवी. त्यांच्या मागे दोन रांगा सोडून अ‍ॅपलयार्डबाई, विणकाम काढून. आणि सगळ्यात मागे मी, आईची जुनी हॅट कपाळावर ओढून, हातात वर्तमानपत्र. तासभर माळरान ओलांडेपर्यंत आम्ही तिघं एका ओळीत एकमेकांना न ओळखता बसलो होतो. मेंढ्या आडव्या आल्या, बस थांबली, तेव्हाही कुणी मान वळवली नाही. व्हिटबीला बाबा उठले, चालकाचे आभार मानले आणि मागे न बघता म्हणाले, "मागच्या दोघींनाही इथेच उतरायचंय."

वर्तमानपत्र माझ्या हातात उलटं होतं, हे मला तेव्हा कळलं.

तरी मी अंतर ठेवून गेले. कड्यावर वारा असा की हॅट दोनदा धरावी लागली. खरोखरच, नायजेल, बाबा आईच्या बाकड्याला वळसा घालून पुढच्या बाकड्याशी गेले. रुमाल काढला. सीगलने पट्टीवर जे ठेवलं होतं ते पुसलं. "काय हॅरल्ड, बरं आहे ना?" आणि बसले. मी मनातल्या मनात चौदा नंबरच्या भिंतींवरची चित्रंसुद्धा उतरवायला घेतली.

तेवढ्यात एक बाई आली. पंच्याहत्तरीची, निळा कोट, थर्मास. तिने आईच्या पट्टीवरून हातमोजा फिरवला, काहीतरी पुटपुटली आणि आईच्या बाकड्यावर बसली. बाबांनी टोपीला हात लावला. ती म्हणाली वारा आहे. बाबा म्हणाले, आहे, पण कोरडा आहे. मग बाबांनी एक टार्ट कागदात गुंडाळून दोन बाकड्यांमधल्या फटीतून तिला दिला, तिने थर्मासातला चहा त्यांच्या दोन्ही कपांत ओतला, एक स्वतःकडे ठेवला. आणि दोघं समुद्राकडे तोंड करून आपापल्या बाकड्यावर.

आपापल्या म्हणजे काय, तेच तर.

मला राहवलं नाही. मी गेले आणि समोर उभी राहिले. म्हटलं, "बाबा, आईचं बाकडं ते आहे."

तुला वाटेल ते गोंधळले. छे. त्यांचे कान लाल झाले. डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगत होते. म्हणाले, "मला माहीत आहे."

"मग?"

"बाई बसल्या आहेत तिथे."

तोवर ती बाई चटका बसल्यासारखी उठली होती. "तुम्ही ऑड्रीचे?" ती म्हणाली. "अहो, मग बोलायचं नाही का? मी तर... तुम्ही हॅरल्डवर बसता म्हणून मी..."

आता बाबा उठले. "हॅरल्ड तुमचे?"

"माझा नवरा."

मग काय झालं होतं ते दोघांनी एकमेकांची माफी मागत मागत सांगितलं, त्यामुळे दुप्पट वेळ लागला. गेल्या मे महिन्यात पहिल्या गुरुवारी बाबा पोचले तर आईच्या बाकड्यावर एक कुटुंब चिप्स खात होतं. त्यांना कसं उठवायचं, म्हणून बाबा जरा वेळ शेजारी टेकले. थोड्या वेळाने ही आली, एनिड मार्शल तिचं नाव, तर नवऱ्याच्या बाकड्यावर एक गृहस्थ. त्यांना कसं उठवायचं. कुटुंब निघून गेलं होतं, म्हणून ती आईच्या बाकड्यावर बसली. पुढच्या गुरुवारी ती लवकर आली. हॅरल्डचं बाकडं रिकामं होतं. पण तिने विचार केला, ते गृहस्थ येतील, त्यांना इथे बसायची सवय दिसते, मी बसले तर त्यांना वाटेल मी त्यांना हुसकावलं. म्हणून ती पुन्हा आईच्या बाकड्यावर बसली. बाबा आले, त्यांनी पाहिलं, बाईंना ती जागा आवडलेली दिसते. ते पुन्हा हॅरल्डवर.

अकरा महिने, नायजेल. बर्फात, धुक्यात, एकदा गारांत. दोघं एकमेकांच्या माणसांवर बसून.

मी म्हटलं, "अकरा महिन्यांत नाव विचारलं नाहीत?"

"विचारायचं तसं काही कारण घडलं नाही," बाबा म्हणाले.

हॅरल्डशी बोलता का, हे मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनीच सांगितलं. दर आठवड्याला ज्याच्या मांडीवर जाऊन बसायचं त्याला साधं बरं आहे ना एवढंही विचारायचं नाही, इतका उद्धट मी नाही. आणि त्याच्या पाठीचं वार्निश सोलवटलंय, म्हणून होडीवाल्या पोराला फोन केला, तर त्याने मलम सांगितलं. त्या दिवसापासून तुझ्या डोक्याची काळजी वाटते म्हणाले. तुला तपासणीला न्यावं असं त्यांचं मत आहे. डोळ्यांच्या.

एनिड मात्र हसत नव्हती. तिने आईच्या पट्टीवर हात ठेवला होता. मला म्हणाली, "हॅरल्ड गेल्यावर सगळे मला सांगायचे, जपून बस, इथे बसू नको, तिथे बसू नको. जरा सरकून बसा असं मला फक्त तुझ्या आईने म्हटलं. मी तिला आठवड्याचं सगळं सांगते. तुला चालेल ना?"

मी चालेल म्हटलं. वारा होता, नाक पुसायला सोपं गेलं.

आता अ‍ॅपलयार्डबाई. ती लांब आइस्क्रीमच्या बंद टपरीमागे उभी होती, विणकाम काखेत मारून. मी बाबांना म्हटलं, ही बया तुमच्या पाळतीवर आहे. बाबा म्हणाले, जानेवारीत मी बसथांब्यावर बर्फावरून घसरलो, हिने उचललं. मी तिला बजावलं की बेव्हर्लीला सांगशील तर खबरदार. तेव्हापासून हिला दर गुरुवारी व्हिटबीत काम निघतं. गुडघे दुखत असताना. काय काम, मी विचारत नाही. ती सांगत नाही. परतीच्या बसमध्ये मी जागा झालो आहे की नाही एवढं उतरताना बघते.

म्हणून सहलीची थाप. बाबांना दिलेला शब्द मोडायचा नव्हता आणि त्यांची काळजीही वाटत होती. हॅरल्डचं ऐकून ती घाबरली, माझ्याकडे आली, आणि मी तिला पुतण्यासकट फाशी दिली.

घरविक्याला मी स्वतः फोन केला. त्याला म्हटलं, घराला माणूस आहे. बाबांना काही सांगितलेलं नाही. तुझ्या दुकानावरून गाढवाचा नांगर फिरवायचा माझा विचार होता, पण आज जमत नाही. आज मला सगळे आवडतात. सोमवारपर्यंत उतरेल.

बेव्हर्ली

*

पेंझन्स
९ एप्रिल

प्रिय बेव्हर्ली,

पत्र दुकानात वाचलं. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं पाच मिनिटं थांबा, आणि मागच्या खोलीत जाऊन वार्निशच्या डब्यांमध्ये उभा राहिलो. पाचाची पंधरा झाली. तो गेला असावा.

खोलीवरचं नाव काढून घेतलं. तिथली बाई म्हणाली, तुमच्या वडिलांची तब्येत कशी आहे? मी म्हटलं, माझ्यापेक्षा बरी.

तुला वाटतं बाबांना कळलं नाही. काल त्यांचं कार्ड आलं. व्हिटबीच्या बंदराचं चित्र, मागे चार ओळी. जशाच्या तशा देतो: 'नायजेल, दहा तारखेला घर बघायला येणाऱ्या माणसाला मी घरी असतो तर चहा दिला असता. त्याने मलाच फोन करून विचारलं की पार्किंग कुठे. तुझी आई असती तर तुला ओरडली असती, मी ते काम तिच्यावर सोडतो. होडीला लावतात ते वार्निश पाठव. दोन डबे, हॅरल्डला एक दिला तर ऑड्री बोलेल.'

दोन डबे आजच निघाले. बरोबर ब्रशही आहेत. मे अखेरच्या सुट्टीत मी स्वतः येतो, पहिला हात मी देईन. चार दिवसांसाठी नाही, दहा दिवसांसाठी. तुझ्याकडे जागा आहे का, की बाबा मला जिन्याखाली झोपवतील?

नायजेल

*

केल्डविक
२५ एप्रिल

प्रिय नायजेल,

डबे पोचले. बाबांनी झाकण उघडून वास घेतला आणि तुझ्याबद्दल पहिल्यांदाच बरं बोलले. म्हणाले, याला मलमातलं कळत नाही, पण वार्निशमधलं कळतं.

बाकड्यांचं सांगते. खुलासा झाल्यावर पुढच्या गुरुवारी दोघं रीतसर आपापल्या जागी बसले. बाबा ऑड्रीवर, एनिड हॅरल्डवर. मजा गेली. बाबांना म्हणे इथून बंदराची भिंत नीट दिसेना, एनिडला वारा उलट्या कानात. चहा ओतताना दोघांचे हात चुकले, टार्ट खाली पडला, सीगलचं भलं झालं. अर्ध्या तासाने बाबा उठले, जाऊन तिच्यापुढे उभे राहिले आणि पट्टीवर लिहिलंय तेच म्हणाले. तिकडे, ऑड्रीकडे बोट दाखवून. आता दोघं आईच्या बाकड्यावर बसतात आणि हॅरल्डवर थर्मास, पिशव्या आणि अ‍ॅपलयार्डबाई.

हो. ती आता टपरीमागे उभी राहत नाही. बाबांनी तिला सांगितलं, हॅरल्ड रिकामा आहे, तुझे गुडघे त्याच्यावर ठेव.

मला बाबांनी परवा चहा विचारला. साखर न विचारता घातली, दोन चमचे, मी दहा वर्षांची असताना घ्यायचे तशी. मी प्यायले. आणि ते डोळ्यांचं खोटं होतं हे सांगितलं. म्हणाले, माहीत आहे, परिचारिकेच्या दारावर पाटी होती, आणि माझे डोळे बरे आहेत.

तू माझ्याकडे राहा, जिन्याखाली बाबांच्या सायकली आहेत.

बाकी विशेष नाही. परसात रुबार्ब वर आला आहे. काल सकाळी त्याचे चार आंबट देठ कापून गोड क्रंबल केलं, ते फळीवरच्या त्या अ‍ॅपल पायच्या भांड्यात भाजलं. भांडं आधी घासून घेतलं होतं. बुडावरची पट्टी तशीच ठेवली, नाव अजून वाचता येतं. अडीच वर्षांत मी ते परत केलं नव्हतं, कारण द्यायला गेले की तासभर बसावं लागेल अशी भीती होती. काल फडक्यात गुंडाळून सोळा नंबरच्या पायरीवर ठेवलं. घंटा वाजवली नाही. ती घरात नव्हती, गुरुवार होता, व्हिटबीत काम होतं.

परत येताना तिचा डबा फाटकाबाहेर दिसला. वाऱ्याने फिरला असावा. मी त्याचा दांडा रस्त्याकडे केला. मग गल्लीच्या वरच्या टोकाला येऊन माझ्याही डब्याचा.

बेव्हर्ली